खाण बंद झाली, नोकरी गेली, मधे सात वर्षं गेली: आता परत कामाला कसं लागायचं

प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले एक गृहस्थ, वय 41, बीकॉम. खाण कंपनीत आधी वजनकाट्यावर, मग डिस्पॅच आणि स्टोअरला, मिळून बारा वर्षं काम. मार्च 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे खाणी बंद पडल्या तेव्हा नोकरी गेली. नंतर वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा त्यांना घेऊन जायला घरात दुसरं कोणी नव्हतं, मधे कोरोना, मधे चुलतभावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसणं, आणि उरलेला वेळ सरकारी नोकरीची वाट बघण्यात. वडील गेल्या वर्षी वारले. आता अर्ज करतायत तर कुठूनच फोन येत नाही. ते विचारतायत की गॅप लपवू का, वय आडवं येतंय का, आणि मला आता घेणार कोण.

मी फॅक्टरी एचआरमध्ये बरीच वर्षं काढलीत, आधी वेर्ण्याच्या मग कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, आणि आता छोट्यामोठ्या कंपन्यांना माणसं शोधून द्यायचं काम करते. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगू शकते.

तुम्ही सगळा जोर गॅप कसा समजावून सांगायचा यावर लावताय, आणि अडतंय तिथेच. सात वर्षांचं स्पष्टीकरण कितीही चांगलं असलं तरी ते शेवटी स्पष्टीकरणच राहतं. माझं सांगणं असं की गॅप इंटरव्ह्यूच्या आधीच संपवा. म्हणजे कुठेतरी, छोट्या ठिकाणी, कमी पगारावर का होईना, तीन-चार महिने खरं काम करा ज्याचा कागद मिळेल, आणि मग मोठ्या ठिकाणी अर्ज करा. तेव्हा तुम्ही 'सात वर्षं घरी असलेला माणूस' नसता, 'सध्या अमुक ठिकाणी डिस्पॅच बघणारा माणूस' असता. सीव्ही वरून खाली वाचला जातो, आणि वरची पहिली ओळ आजची असेल तर खालचा गॅप वाचणाऱ्याला फार टोचत नाही. वरची ओळच 2018 ची असेल तर पुढे कोण वाचतच नाही, शंभर-दीडशे सीव्ही असतात समोर, मग कोणी खोलात जात नाही, ते चूक की बरोबर हा वेगळा विषय.

आता सात वर्षांचा गॅप बघून समोरच्याच्या डोक्यात काय येतं ते बघू. एक लक्षात घ्या, निर्णय एचआर घेत नाही, निर्णय घेतो स्टोअर मॅनेजर नाहीतर प्लँट हेड. त्याला तीन गोष्टींची भीती असते. पहिली, याचा हात अजून चालतो का, कॉम्प्युटरवर बसवला तर अडेल का. दुसरी, काहीतरी लपवतोय का, पोलीस केस, दारू, आधीच्या कंपनीत भानगड. तिसरी भीती गोव्यात सगळ्यात मोठी आहे आणि उमेदवारांना ती कळतच नाही: हा सरकारी कॉल लेटर आलं की उद्या सकाळी निघून जाईल. आमच्याकडे हे इतक्यांदा झालंय, माणूस घ्यायचा, दोन महिने शिकवायचा, आणि एक दिवस तो फोनच उचलत नाही. त्यामुळे 41 वर्षांचा डिचोलीचा माणूस, मधली वर्षं मोकळी, म्हटलं की मॅनेजर पहिला प्रश्न मला विचारतो तो हाच, की सरकारीची वाट बघणारा आहे का. वयाचा विषय त्याच्या खूप नंतर येतो. स्टोअर आणि डिस्पॅचला तर चाळिशीचा माणूस बऱ्याच जणांना हवाच असतो, कारण तो दर सहा महिन्यांनी उडी मारत नाही.

तर या तिन्ही भीतींना उत्तर हवं.

हात चालतो का, या पहिल्या भीतीवर थोडं सविस्तर लिहिते कारण तुमच्या बाबतीत हे अगदी नेमकं सांगता येतं. खाणी बंद झाल्या मार्च 2018 च्या मध्याला, आणि इंटरस्टेट मालासाठी ई-वे बिल, म्हणजे गाडीने माल न्यायला ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद, सक्तीचं झालं 1 एप्रिल 2018 पासून. म्हणजे तुम्ही डिस्पॅचच्या टेबलावरून उठलात आणि दोन आठवड्यांत त्या टेबलावरचं कामच बदललं. जीएसटी तुम्ही जुलै 2017 पासूनचे जेमतेम आठनऊ महिने बघितला. त्यानंतर ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, आलं, आधी पाचशे कोटींच्या वरच्या कंपन्यांना ऑक्टोबर 2020 पासून, आणि मग मर्यादा खाली खाली येत ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या बहुतेकांना. हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली तुम्ही ईआरपी नाइनवर केलं असणार, आता टॅलीप्राइम आहे, दिसायला बरीच वेगळी. बस, इतकंच मागे पडलंय. बारा वर्षांतलं बाकी सगळं तसंच आहे. वजनकाट्यावर ग्रॉस, टेअर, नेट, म्हणजे भरलेलं, रिकामं आणि निव्वळ वजन, तुम्हाला झोपेतही येतं, फार्मा कंपनीच्या स्टोअरला ड्रम येतो तेव्हा त्याचंही ग्रॉस, टेअर, नेटच लिहायचं असतं. ट्रान्झिट पास आणि रॉयल्टीची चलनं ज्याने बिनचूक सांभाळली त्याला ई-वे बिलाचा पार्ट ए आणि पार्ट बी अवघड जायचं कारण नाही. पार्ट ए मध्ये इन्व्हॉइस आणि मालाची माहिती, पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर, दर दोनशे किलोमीटरला एक दिवसाची व्हॅलिडिटी, आणि वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर पार्ट बी अपडेट करायचा. इंटरव्ह्यूत हा शेवटचा प्रश्न हमखास येतो, कारण कशेडी नाहीतर अनमोड घाटात गाडी अडकलेली असताना रात्री अकराला ड्रायव्हरचा फोन येतो आणि तेव्हा कोणाला तरी हे करावं लागतं.

हे कुठे शिकायचं? कोर्सवर फार पैसे घालू नका. डिचोली, साखळी, फोंडा, म्हापसा इकडे कुठल्याही सीएच्या नाहीतर टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेच्या आसपास माणूस कमी पडत असतो, रिटर्नच्या तारखा असतात ना. तिथे जाऊन सरळ सांगा, बीकॉम आहे, खाण कंपनीत बारा वर्षं डिस्पॅच केलंय, नवीन सिस्टम शिकायचीय, तीन-चार महिने बसतो, पगार तुम्ही ठरवा पण बँकेतून द्या. ट्रान्सपोर्टर, सिमेंट नाहीतर टाइल्सचे डीलर, औषधांचे होलसेलर, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेबर पुरवणारे कॉन्ट्रॅक्टर, या सगळ्यांना असा माणूस लागतो. माझा कल कॉन्ट्रॅक्टरकडे जास्त आहे कारण तिथे पीएफ कापला जातो, आणि पीएफची नवी एंट्री म्हणजे गॅप संपल्याचा सगळ्यात पक्का पुरावा. पगार आधीपेक्षा कमी असेल, मनाला लागेल, मला कल्पना आहे. पण हे काम कायमचं नाही हे मनाशी धरून करा आणि केलं तर नीट करा, कारण तिथला मालक हाच तुमचा पुढचा रेफरन्स आहे.

भावाच्या दुकानाचं काम वाया गेलं असं समजू नका. पण त्याला 'मॅनेजर' वगैरे नाव देऊ नका. तुम्ही तिथे खरंच काय केलंत ते आठवून लिहा: खरेदीची बिलं तपासली का, स्टॉक मोजला का, सप्लायरला फोन करून माल मागवला का, उधारीची वही ठेवली का. 'फॅमिली हार्डवेअर बिझनेस, परचेस आणि स्टॉक सांभाळला, अर्धवेळ' इतकं लिहिलं तर ते खरंही आहे आणि वजनदारही. भावाकडून लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र घ्या, जीएसटी नंबरसकट.

आता लपवू का, याचं उत्तर. नका लपवू, आणि हे मी नीतीच्या गोष्टी म्हणून सांगत नाही, तारखा लपतच नाहीत म्हणून सांगते. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, टाकला की पीएफची सर्व्हिस हिस्टरी निघते, कुठल्या कंपनीत कधी जॉइन, कधी एक्झिट, सगळं. बऱ्याच कंपन्या जॉइनिंगच्या आधी तो स्क्रीनशॉटच मागतात. नोकरी 2018 ऐवजी 2021 पर्यंत होती असं कोणी लिहिलं तर पाच मिनिटांत उघडं पडतं, आणि मग प्रश्न गॅपचा राहत नाही, खोटेपणाचा होतो, तिथे माझ्यासारखीला इच्छा असूनही काही करता येत नाही.

त्यावरून एक काम आजच करा. पीएफ खात्याच्या, म्हणजे ईपीएफओच्या, मेंबर पोर्टलवर लॉगिन करून जुन्या कंपनीची 'डेट ऑफ एक्झिट' भरलेली आहे का बघा. खाणी बंद होताना इतक्या गडबडीत माणसं घरी गेली की असं काही राहून गेलेलं असू शकतं. रिकामी असेल तर नवीन कंपनीत पीएफ ट्रान्सफर अडतो आणि रेकॉर्डला तुम्ही अजून जुन्याच कंपनीत दिसता. शेवटचं कॉन्ट्रिब्युशन जाऊन दोन महिने झाले असतील तर 'मॅनेज' मध्ये 'मार्क एक्झिट' करून आधारच्या ओटीपीवर तुम्ही स्वतः ती तारीख भरू शकता. आधार लिंक नसेल, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल, आपल्याकडे 'नाईक'चं स्पेलिंग दोन प्रकारे, गावचं नाव तीन प्रकारे असतंच, तर ते आता दुरुस्त करून घ्या, गरज पडली तर पणजीला पाटोवर पीएफ ऑफिसात जाऊन. ऑफर हातात आल्यावर हे करायला वेळ नसतो. आणि पैशांची कितीही ओढ असली तरी पेन्शनचा भाग काढून घेता येईल असं धरू नका, तुमची दहा वर्षांच्या वर सर्व्हिस झालीय म्हणजे 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क तयार झालेला आहे.

जुन्या कंपनीचं ऑफिस बंद झालंय, एक्स्पिरियन्स लेटर कोणाकडून घेऊ असं खूप जण विचारतात. मूळ लेटर नसेल तर अपॉइंटमेंट लेटर, दोन-तीन पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, पीएफचं पासबुक, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, यातलं जे असेल ते एका फायलीत लावा. आणि तेव्हाचा तुमचा सीनियर आज कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीत असेलच, त्याला शोधा, त्याचं नाव रेफरन्सला द्यायची परवानगी घ्या. खाणीतले किती लोक आज वेर्ण्याला, मोपा विमानतळावर, बाहेर गल्फमध्ये चांगल्या जागांवर आहेत, ते तुमच्या सात वर्षांचं कारण सांगायला न लागता समजून घेतात.

दुसऱ्या भीतीचं, काही लपवतोय का याचं, उत्तर तुमच्या बोलण्यात आहे. इंटरव्ह्यूत 'पर्सनल रीझन' हे शब्द वापरू नका. समोरचा लगेच वाईटातलं वाईट धरून चालतो. उलट सगळी कहाणीही नको, डायलिसिसची वारी, हॉस्पिटलचे दिवस, भावकीचं राजकारण, ऐकणारा अवघडून जातो आणि त्याला पुढचं विचारता येत नाही. एवढं पुरे:

'मार्च 2018 ला खाण बंद झाली तेव्हा आमचं सगळं डिपार्टमेंट घरी गेलं. नंतर वडिलांचं डायलिसिस होतं, आठवड्यातले तीन दिवस मी त्यात असायचो, बाकी दिवस भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात परचेस आणि स्टॉक बघायचो. वडील गेल्या वर्षी वारले. गेले चार महिने मी एका ट्रान्सपोर्टरकडे ई-वे बिल आणि डिस्पॅच करतोय, आणि मला आता परत फॅक्टरीच्या स्टोअरला यायचंय.'

आणि इथे थांबा. खरंच थांबा. गॅपवाले उमेदवार इथे घाबरून आणखी बोलत राहतात आणि तिथेच बिघडतं. शेवटचं वाक्य कामाचं आहे, त्यामुळे पुढचा प्रश्न कामावरच येणार, 'ट्रान्सपोर्टरकडे रोज किती गाड्या असतात' वगैरे, आणि ते मैदान तुमचं आहे.

तिसरी भीती, सरकारी नोकरी. यावर तुम्हाला आधी घरी बसून स्वतःशी ठरवावं लागेल. गोवा सरकारच्या जाहिरातीत बहुतेक पदांना 45 ची वयोमर्यादा असते, त्यामुळे तुमच्याकडे अजून चार वर्षं आहेत आणि आशा सुटत नाही, हे स्वाभाविक आहे. आता बऱ्याच जागा गोवा कर्मचारी निवड आयोगाकडून कॉम्प्युटरवरच्या परीक्षेने भरल्या जातात, म्हणजे अभ्यास करून मार्क काढायचे, ओळखीपाळखीवर बसायचे दिवस गेले. तर परीक्षा जरूर द्या, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड चालू ठेवा, कोकणी येतंच आहे, मराठी येतंच आहे. पण परीक्षा देणं आणि वाट बघत घरी बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नोकरीत राहूनही परीक्षा देता येते. आमच्याकडे मोठमोठे गॅप तयार झाले ते नोकऱ्या नव्हत्या म्हणून कमी आणि 'यंदा जागा निघणार आहेत' या एका वाक्यावर जास्त. आणि कोणी पैसे घेऊन काम करून देतो म्हणाला तर त्याच्या दारातही उभे राहू नका. 2024 च्या शेवटी गोव्यात सरकारी नोकरीसाठी लाखो रुपये दिलेल्यांच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत गेल्या, त्यात दागिने मोडून पैसे दिलेली साधी माणसं होती.

इंटरव्ह्यूत विचारलं तर खरं सांगा: परीक्षा आली तर देईन, पण तिची वाट बघत बसणार नाही, आणि कधी जायची वेळ आलीच तर पूर्ण नोटीस देऊन जाईन. 'मला सरकारीत इंटरेस्टच नाही' असं डिचोलीचा माणूस म्हणाला तर कोणी विश्वास ठेवत नाही, हे वरचं उत्तर मात्र पटतं.

खाणी परत चालू होतायत त्याचं काय, हेही तुमच्या मनात असणार. ब्लॉकचे लिलाव डिसेंबर 2022 पासून सुरू झाले, तुमच्याच भागात हालचाल दिसतेय. अर्ज जरूर करा, तुमचा अनुभव तिथे सरळ लागू पडतो. फक्त पूर्वी जितकी माणसं लागायची तितकी आता लागतील असं धरून थांबू नका, बरंच काम कॉन्ट्रॅक्टवर आणि मशीनवर गेलंय.

आता शोधायचं कुठे. पोर्टलवर प्रोफाइल ठेवा, केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस आहे, नोकरी डॉट कॉम आहे, दर आठवड्याला काहीतरी अपडेट करत राहा म्हणजे वर दिसता. नवहिंद टाइम्स, हेराल्ड, गोमन्तक, तरुण भारत यातल्या छोट्या जाहिराती अजूनही बघा, इस्टेटमधल्या लहान कंपन्या तिथेच देतात. पण गोव्यात स्टोअर, डिस्पॅच, प्रॉडक्शनची बरीचशी भरती तोंडी होते. मी उमेदवारांना एक साधं काम सांगते. सकाळी लवकर, साडेपाच-सहाच्या सुमाराला, डिचोलीच्या नाहीतर साखळीच्या बसस्टँडजवळ जाऊन उभे राहा. कंपन्यांच्या बसेस तिथून फर्स्ट शिफ्टची माणसं उचलतात. पुढच्या काचेवर कंपनीचं नाव लावलेलं असतं. ती नावं लिहून घ्या. त्या कंपन्या तुमच्या भागातून माणसं घेतात आणि न्यायची सोयही करतात, म्हणजे तुमचा पत्ता बघून 'रोज कसा येणार' म्हणून ते तुम्हाला बाजूला टाकणार नाहीत. आणि बसची वाट बघत उभ्या असलेल्यांत एखादा ओळखीचा निघतोच, कोणाचा भाचा, कोणाचा वर्गमित्र. त्याला विचारा, स्टोअरला कोण सोडून चाललंय का, तिथला मॅनेजर कोण. बऱ्याच कंपन्यांत आतल्या माणसाने सीव्ही दिला तर तो वेगळ्या ढिगात जातो.

विचारताना ताकाला जाऊन भांडं लपवू नका. लग्नाबिग्नात कोणी 'सद्या खंय आसा?', म्हणजे सध्या कुठे असता, विचारलं की आपण कानकोंडे होतो आणि 'बघतोय कुठेतरी, काय असलं तर सांग' म्हणून सुटतो. ऐकणारा ते दुसऱ्या मिनिटाला विसरतो. त्याऐवजी सांगा, 'मला स्टोअर नाहीतर डिस्पॅचला काम हवंय, डिचोली, पिसुर्ले, होंडा, कुंडई, मडकई कुठेही चालेल, शिफ्ट चालते, उद्यापासून येऊ शकतो.' हे त्याच्या लक्षात राहतं, आणि महिन्याने त्याच्या कंपनीत जागा झाली की तुमचंच नाव आठवतं.

'उद्यापासून येऊ शकतो' हे वाक्य हलकं समजू नका. चालू नोकरीतल्या माणसाला एक ते तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो, आणि स्टोअरचा माणूस अचानक गेला की मॅनेजरला सोमवारी सकाळी कोणीतरी हवा असतो. अशा वेळी मी स्वतः ज्यांना फोन लावते ते सगळे मोकळे असलेले उमेदवार असतात. सीव्हीच्या वरच, नावाखाली, 'इमिजिएट जॉइनर, कुठलीही शिफ्ट' लिहा. छोटं काम धरलंत तर त्या मालकाशीही आधीच बोलून ठेवा की आठवड्याच्या नोटिशीवर सोडेन.

वेळेचंही एक गणित आहे. हॉटेलं ऑक्टोबरच्या सीझनसाठी ऑगस्ट-सप्टेंबरात माणसं घेतात, आणि मोठ्या हॉटेलांच्या परचेस आणि स्टोअर डिपार्टमेंटला तुमच्यासारखा माणूस लागतो, हे खूप जणांच्या डोक्यातच येत नाही, त्यांना हॉटेल म्हणजे वेटर आणि कुक एवढंच दिसतं. गणेशचवथीच्या आधीचे पंधरा दिवस बाकी ठिकाणी कोणी निर्णय घेत नाही, फोन नाही आला म्हणून खचू नका, चवथ झाल्यावर परत फोन करा. फॅक्टरीत बोनस आणि इन्क्रिमेंटनंतर लोक सोडतात, म्हणजे दिवाळीनंतर आणि एप्रिल-मे मध्ये जागा जास्त होतात.

फार्मात जायचं ठरलं तर दोन गोष्टी शिकून जा, म्हणजे नवखे वाटणार नाही. स्टोअरमध्ये माल आल्या आल्या त्याला पिवळं क्वारंटाइनचं लेबल लागतं, क्यूसीने, म्हणजे क्वालिटी तपासणाऱ्यांनी, पास केला की हिरवं, नापास झाला की लाल, आणि माल काढताना आधी आलेला आधी असा नियम नसून आधी एक्स्पायर होणारा आधी, ज्याला फीफो ऐवजी फेफो म्हणतात. आणि रजिस्टरमध्ये लिहिताना चुकलं तर खाडाखोड नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही, चुकलेल्यावर एक सरळ रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख. खाणीत रॉयल्टीचे कागद ज्याने सांभाळलेत त्याला ही शिस्त पटकन जमते, हे इंटरव्ह्यूत तुम्हीच बोलून दाखवा, समोरच्याला ते जोडून घ्यायला वेळ नसतो. मॅनेजर तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, तो मनातून तपासत असतो की हा माझं ऐकेल का. त्याला 'सर' म्हणायला जीभ अडखळत असेल तर घरी सराव करून जा, आणि 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य तिथे येऊ देऊ नका.

बायकांसाठी एक वेगळं सांगते, कारण मुलं लहान असताना घरी राहिलेल्या खूप जणी हाच प्रश्न विचारतात. तुमचा गॅप मॅनेजरला समजतो, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नाही, त्याची शंका एवढीच असते की मूल आजारी पडलं की काय. न विचारताच सांगून टाका की घरी सासूबाई आहेत नाहीतर पाळणाघराची सोय झालीय. क्यूसी लॅबमध्ये काम केलेल्यांनी एफडीएच्या, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाच्या, अप्रूव्हलचं जुनं पत्र शोधून ठेवा, अप्रूव्ह्ड केमिस्ट कंपन्यांना लागतातच, दहा वर्षं जुनं पत्रही सीव्हीच्या पहिल्या पानावर लिहिण्यासारखं आहे.

घरातल्या वातावरणाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की आई काही बोलत नाही पण कळतं. इतकी वर्षं तुम्ही वडिलांना सांभाळलंत. ते काम होतं, आणि ते तुम्ही शेवटपर्यंत केलंत, ज्या दिवशी कुठूनच फोन येत नाही त्या दिवशीही हे खरंच असतं. रात्री झोप येत नसेल, जेवण सुटलं असेल, सगळं निरर्थक वाटत असेल तर डॉक्टरला दाखवा, बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, आणि 14416 या टेली-मानसच्या नंबरवर फोनवरूनही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नोकरी शोधायला डोकं शांत लागतं.

शेवटी पगार. जुन्या पगाराला चिकटून राहू नका पण फुकटही जाऊ नका. आकडा विचारला तर सांगा, या पदाला तुमच्याकडे जी रेंज आहे त्यात सुरू करायला तयार आहे, सहा महिन्यांनी काम बघून रिव्ह्यू करा, आणि तो रिव्ह्यू ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. आणखी एक हिशोब करा जो कोणी करत नाही. ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, हिशोबात धरला जाणारा महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय लागतो, तुमचा वाटा फक्त पाऊण टक्का, आणि त्यात बायकोमुलांसोबत तुमच्यावर अवलंबून असलेली आईसुद्धा येते. 22,000 ची ऑफर असेल तर हजार रुपये जास्त दिसतात पण ईएसआय जाऊ शकतो, मग कंपनीची मेडिक्लेम आहे का आणि त्यात आईवडील धरतात का ते आधी विचारा, खूप ठिकाणी धरत नाहीत. तुमच्या घराने हॉस्पिटलची बिलं बघितलीत, हा फरक मी तुम्हाला समजवायला नको. दोन्ही आकडे कागदावर मांडून आईला दाखवा आणि मग कंपनीला होकार कळवा.